मॅनेजर हरायला लागला की जुन्या ट्रॉफीचं श्रेय कुणाचं?

प्रश्न दारव्ह्याकडच्या एका गावातून आलाय, थोडक्यात असा. शनिवार-रविवारी रात्री पानठेल्यावर मोबाईलवर इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलची मॅच लागते आणि मॅच संपली की भांडण सुरू. ज्या मॅनेजरनं, म्हणजे संघाच्या मुख्य कोचनं, ट्रॉफी आणली तोच आता लागोपाठ हरतोय. अर्धे पोट्टे म्हणतात, "टीम आधीच्यानं बांधली होती, यानं आयतं खाल्लं." बाकीचे म्हणतात, "ज्यानं जिंकून देल्लं त्याले टाइम द्या ना बे." शिवाय शाळेतल्या पीटी सरांवरही तोच वाद चाललाय. दोन वर्षांपूर्वी सतरा वर्षांखालचा संघ जिल्ह्यापर्यंत गेला होता, यंदा तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात बाद झाला.

भाऊ, या भांडणात दोन प्रश्नांची गाठ बसली आहे, ती आधी सोडवा. मागच्या यशात त्या माणसाचा वाटा किती, हा एक प्रश्न. त्याला पुढे ठेवायचं का, हा दुसरा. पहिल्याचे पुरावे जुन्या मोसमात सापडतात आणि ते आजच्या हरण्यानं बदलत नाहीत. तेव्हा जे झालं ते झालं. दुसऱ्याचे पुरावे गेल्या पंधरा-वीस सामन्यांत असतात. दोघांना जोडणारा धागा एकच: तेव्हाचं यश ज्या गोष्टींमुळे आलं, त्यातल्या किती आजही त्याच्या हातात आहेत? याचं उत्तर न शोधता "वेळ द्या" म्हणणारे आणि "हाकला" म्हणणारे दोघेही अंदाजानंच बोलतात.

प्रीमियर लीगमधला लेस्टर सिटी आणि त्याचा मॅनेजर क्लॉडिओ रानिएरी हे प्रकरण नीट उलगडलं तर बरंचसं समजतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. २०१५-१६ चा मोसम सुरू होताना लेस्टरच्या विजेतेपदाला सट्टेबाज ५००० ला १ भाव देत होते. संघ ८१ गुण घेऊन चॅम्पियन झाला. पुढच्याच मोसमात, २३ फेब्रुवारी २०१७ ला, रानिएरींना काढलं. तेव्हा लेस्टर सतराव्या नंबरवर होता, मोसमाअखेर खालच्या लीगमध्ये ढकलल्या जाणाऱ्या शेवटच्या तिघांपासून जेमतेम एका गुणावर.

आता श्रेयाची वजाबाकी करून पाहा. आधीच्या नायजेल पिअर्सनच्या हाताखाली याच संघानं २०१४-१५ च्या शेवटच्या ९ पैकी ७ सामने जिंकून स्वतःला वाचवलं होतं आणि चौदावा नंबर गाठला होता. म्हणजे गाडी आधीच चढाला लागलेली. वार्डी, माहरेझ, श्मायकेल, मॉर्गन, ड्रिंकवॉटर हे सगळे खेळाडू आधीचे. हूथ, फुक्स आणि ओकाझाकी यांचे करार जून २०१५ मधले, रानिएरी आले जुलैत. कांते ऑगस्टमध्ये आला, पण तो हेरला स्टीव्ह वॉल्श यांनी. खेळाडू शोधण्याचं काम त्यांचं होतं. मोसमभर दुखापती अगदी कमी झाल्या. १३ पेनल्टी मिळाल्या, त्या एका मोसमासाठी फार आहेत. आदल्या वर्षीचा चॅम्पियन चेल्सी त्या वर्षी दहाव्या नंबरवर घसरला. ठेल्यावरचे पहिले अर्धे पोट्टे इथं खूश होतील.

पण जमेची बाजूही आहे, आणि ती बारकाईनं पाहिल्याशिवाय दिसत नाही. पिअर्सनचा संघ अखेरीस मागे तीन बचावपटू लावून खेळत होता. रानिएरींनी चार-चार-दोन (चार बचावात, चार मधे, दोन पुढे) घातलं आणि बाकी सवयी मोडल्या नाहीत. पहिल्या ९ सामन्यांत लेस्टरनं प्रत्येक वेळी गोल खाल्ला. २६ सप्टेंबरला आर्सेनलनं त्यांच्याच मैदानावर ५-२ नं धुतलं. त्यानंतर रानिएरींनी दोन्ही फुलबॅक, म्हणजे बचावाच्या दोन कडांचे खेळाडू, बदलले. डे लाएट आणि श्लुप हे पुढे धावणारे बाहेर बसले, सिम्पसन आणि फुक्स हे जागा सांभाळणारे आत आले. दहाव्या सामन्यात, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध, पहिल्यांदा एकही गोल न खाता जिंकले. मार्च-एप्रिलमध्ये तर लागोपाठ चार सामने १-० नं काढले. ३८ सामन्यांत फक्त ३ हार. हा बदल मॅनेजरनं केला, तो कुणाच्या पुण्याईनं झाला नाही. ओलिताचं वावर मक्त्यानं घेतलं तर विहीर आधीच्यानं खोदलेली असते हे खरं, पण त्या वर्षीची पेरणी, फवारणी आणि राखण मक्तेदाराचीच धरावी लागते.

२०१६-१७ ला काय बदललं? कांते चेल्सीला गेला आणि त्या वर्षी चेल्सी चॅम्पियन झाला. वॉल्श एव्हर्टनला गेले. मॉर्गन तेहतीस वर्षांचा झाला, हूथ बत्तीसचा. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेमुळे आठवड्याच्या मधल्या सामन्यांचा भार वाढला. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समोरचे संघ सावध झाले. आदल्या वर्षी ते लेस्टरवर चढाई करायचे, बचावामागे मोकळी जागा सुटायची आणि वार्डी त्या जागेत पळायचा. आता ते मागे बसायला लागले, चेंडू लेस्टरकडे द्यायला लागले, आणि चेंडू पायाशी ठेवून दार उघडायचं हे या संघाला येत नव्हतं. यशाच्या पाच-सहा कारणांपैकी बहुतेक गळून पडली होती. म्हणून माझं मत असं: २०१६ च्या ट्रॉफीत रानिएरींचा वाटा मोठा आहे आणि तो कायम राहील. फेब्रुवारी २०१७ चा निर्णय निष्ठुर वाटला तरी त्यामुळे त्या वाट्याला काही बाधा येत नाही.

रानिएरींना काढल्यावर लगेच त्यांचाच सहाय्यक क्रेग शेक्सपिअरनं लीगचे पहिले पाच सामने जिंकले आणि लेस्टर बाराव्या नंबरवर संपला. "बघा, मॅनेजरच खराब होता" असं तेव्हा बरेच जण म्हणाले. त्याच शेक्सपिअरला ऑक्टोबर २०१७ मध्ये काढलं. नवा मॅनेजर आल्यावर येणारी ही उसळी फार फसवी असते. मॅनेजर काढतात तो संघ तळाला असताना, आणि तळाला गेलेला संघ बहुतेक वेळा थोडा वर येतोच, कारण तिथं पोचायला थोडं दुर्दैवही लागलेलं असतं. नेदरलँड्सच्या लीगवर झालेल्या अभ्यासात तसाच वाईट काळ असलेले पण मॅनेजर न बदललेले संघ शेजारी ठेवून पाहिले, तर तेही जवळपास तितकेच सावरले होते. म्हणून नव्याच्या पहिल्या पाच-सहा सामन्यांवरून जुन्याचा हिशेब लावू नका.

याच्या उलट बाजूला मॅनेजर युर्गेन क्लॉपचं जर्मनीतलं डॉर्टमुंड. २०१०-११ आणि २०११-१२ ला लागोपाठ विजेतेपद, २०१३ ला चॅम्पियन्स लीगची फायनल. मग ग्योत्झे २०१३ ला आणि लेवांडोव्स्की २०१४ ला बायर्नला गेले. २०१४-१५ ला हिवाळी सुट्टीपर्यंत १७ सामन्यांत १५ गुण, नंबर सतरावा. ठेल्यावर असते तर लोकांनी त्यालाही सोडलं नसतं. पण संघ गोलाच्या संधी चांगल्या तयार करत होता आणि समोरच्याला तुलनेनं कमी देत होता. फक्त आपल्या संधी वाया जात होत्या आणि समोरच्याच्या आत जात होत्या. उरलेल्या १७ सामन्यांत ३१ गुण आले आणि संघ सातवा राहिला. लिव्हरपूलच्या आकडेतज्ज्ञांनी हाच मोसम तपासून तो दुर्दैवाचा मोसम असल्याचा निष्कर्ष काढला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलनं क्लॉपला घेतलं. २०१९ ला चॅम्पियन्स लीग आणि २०१९-२० ला लीग जिंकली.

लेस्टर आणि डॉर्टमुंड, दोघांचाही टेबलातला नंबर सतरावाच. फरक कळायचा तर टेबलाच्या खाली पाहावं लागतं, आणि ते आता साध्या मोबाईलवर होतं.

त्यासाठी एक्सजी (अपेक्षित गोल) म्हणून जो आकडा मॅच संपल्यावर दिसतो तो समजून घ्या. त्या जागेवरून, तशा स्थितीत मारलेले शंभर शॉट घेतले तर किती आत जातात, एवढंच तो सांगतो. पेनल्टीला ०.७६ ते ०.७९ धरतात, म्हणजे शंभरातल्या ७६ ते ७९ आत. गोलच्या तोंडाशी मोकळा टॅप असेल तर ०.४ च्या वर. पंचवीस यार्डांवरून गर्दीतून मारलेला फटका ०.०३ च्या आसपास. सामन्यातले सगळे शॉट मिळवले की त्या संघाचा आकडा येतो. फॉटमॉब, सोफास्कोर ही अ‍ॅप फुकट आहेत. जुन्या मोसमांसाठी अंडरस्टॅट, तिथं मोठ्या लीगचा २०१४-१५ पासूनचा तपशील आहे.

वहीत दोन पानं करा. एका पानावर यशाच्या मोसमातले सगळ्यात जास्त मिनिटं खेळलेले अकरा लिहा. प्रत्येकापुढे चार खूण-रकाने: याच मॅनेजरच्या काळात आला की आधी, तेव्हाचं वय, आज संघात आहे का, असेल तर या मोसमात किती मिनिटं खेळला. सहाय्यक कोच आणि खेळाडू निवडणारा माणूस तोच आहे की गेला, हेही त्याच पानावर खाली. इथंच अर्धं भांडण मिटतं. आर्सेनलचा मॅनेजर झालेल्या आर्सेन वेंगरला १९९६ ला सीमन, डिक्सन, अ‍ॅडम्स, कीओन, विंटरबर्न हा अख्खा बचाव तयार मिळाला होता आणि बर्गकॅम्पही वर्षभर आधीच आलेला होता. पण १९९८ ची दुहेरी (लीग आणि एफए कप) जिंकून पुढे २००३-०४ ला लीगमध्ये एकही सामना न हरणारा संघ उभा केला, तो त्याचाच. त्यातले आधीपासूनचे मोजके. म्हणजे पहिल्या ट्रॉफीत वारशाचा हिस्सा मोठा, दुसऱ्यात अगदी लहान. एकाच माणसाच्या दोन यशांचं श्रेय वेगवेगळं निघू शकतं.

दुसऱ्या पानावर मॅनेजर आल्यापासूनच्या लीग सामन्यांचे दहा-दहाचे गट पाडा. प्रत्येक गटात चार आकडे: केलेले गोल, खाल्लेले गोल, आपला एक्सजी, समोरच्याचा एक्सजी. पेनल्टी वगळून. पेनल्टी का वगळायची? एका पेनल्टीनं दोन-तीन चांगल्या संधींइतकी भर पडते आणि ती मिळणं-न मिळणं फारसं मॅनेजरच्या हातात नसतं. लेस्टरच्या १३ तुम्ही पाहिल्याच.

आता वाचायचं कसं. दहा सामन्यांत गोलांचा फरक आणि एक्सजीचा फरक यांच्यात चार-पाचची तफावत निव्वळ योगायोगानं पडते, त्यावरून काहीच ठरवू नका. अख्ख्या ३८ सामन्यांच्या मोसमातही आठ-नऊची तफावत आली तर आश्चर्य नाही. गोल आटले पण एक्सजीचा फरक पूर्वीइतकाच आहे, तर थांबा. ही क्लॉपची स्थिती. एक्सजीचाच फरक दर सामन्याला अर्ध्या गोलानं घसरला आणि पंधरा-वीस सामने तसाच राहिला, तर दुर्दैव म्हणून चालणार नाही. मग पहिलं पान काढा आणि कारण शोधा. एखादाच माणूस नसल्यानं घसरण झाली का? मँचेस्टर सिटीचा रॉड्री सप्टेंबर २०२४ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर गेला आणि थोड्याच आठवड्यांत, लागोपाठ चार लीग जिंकून आलेल्या मॅनेजर ग्वार्डिओलाच्या संघानं १३ सामन्यांत एकच जिंकला. अशा वेळी "माणूस संपला" म्हणण्याआधी बदली खेळाडू का नव्हता आणि ती जबाबदारी कुणाची, हे विचारावं. सिटीनं ग्वार्डिओलाला ठेवलं, संघ तिसरा आला.

या मोजणीत हमखास होणाऱ्या चुकाही सांगतो. पुढे असलेला संघ मागे सरकतो, म्हणून लवकर आघाडी घेणाऱ्याचा एक्सजी दिसतो त्यापेक्षा थोडा चांगला समजावा. लाल कार्ड पडलेले सामने वेगळे काढा, नाहीतर एकाच सामन्यानं गटाचं चित्र बिघडतं. दहाच्या गटात पहिल्या सहातले किती संघ होते ते समोर लिहा. नुसते तळाचे संघ आले तर आकडा फुगतो. चेंडू ताब्यात ठेवण्याची टक्केवारी पाहून तर काहीच ठरवू नका, हरणाऱ्या संघाकडे शेवटची वीस मिनिटं चेंडू असतोच. आणि "इतके कोटी उडवले" हा ठेल्यावरचा आवडता मुद्दा मोडकाच आहे. खरेदीच्या रकमेपेक्षा एकूण पगाराचा खर्च संघाची ताकद जास्त खरी सांगतो. लांब मुदतीत लीगमधला नंबर पगाराच्या क्रमाच्या आसपासच रेंगाळतो. त्या क्रमाच्या वर कोण किती वर्षं राहिला, ती मॅनेजरची खरी कमाई.

कपाच्या (हरला की बाद अशा स्पर्धेच्या) ट्रॉफीला मी श्रेय देतो, पण तोलून. एरिक टेन हाग २०२३-२४ ला मँचेस्टर युनायटेडसह लीगमध्ये आठवा आला. ५७ गोल केले, ५८ खाल्ले, आणि दर सामन्याला समोरच्यांनी सरासरी १७ च्या वर शॉट मारले. मग २५ मे २०२४ ला एफए कपच्या फायनलमध्ये सिटीला २-१ नं हरवलं. त्या सामन्याची आखणी उत्तम होती, त्याचं श्रेय पूर्ण त्याचं. पण क्लबनं त्या एका दुपारच्या जोरावर उन्हाळ्यात करार वाढवला आणि २८ ऑक्टोबरला, संघ चौदावा असताना, त्याला काढलं. शॉटचा आकडा मे महिन्यातही समोरच होता. बक्षीस आणि नेमणूक यांची सरमिसळ केली की असा भुर्दंड बसतो.

आपल्या देशाच्या संघावरही हेच लावून पाहा, कारण तेव्हाचे कोच इगोर स्टीमाच यांच्यावरून अजून वाद होतात. २०२३ ला तीन ट्रॉफी: इम्फाळची तिरंगी, भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेंटल कप, बंगळुरूची सॅफ (दक्षिण आशियाई स्पर्धा). तिन्ही घरच्या मैदानांवर. सॅफची उपांत्य लढत लेबननशी आणि फायनल कुवेतशी, दोन्ही पेनल्टी शूटआउटवर जिंकल्या. शूटआउटमध्ये गोलकीपर गुरप्रीतचा हात मोठा, आणि थोडं नशीबही. पुढे जानेवारी २०२४ मध्ये आशियाई कपात तिन्ही सामने हरलो, एकही गोल झाला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२. जूनमध्ये दोह्यात कतारकडून १-२, त्यातला कतारचा पहिला गोल चेंडू रेषेबाहेर गेल्यावर झाला होता. त्या गोलानं भारताचं नुकसान झालं यात शंका नाही. तरीही अफगाणिस्तानशी दोन सामन्यांत मिळून एक गुण हे दुर्दैवाच्या खात्यात बसत नाही. अन्वर अली, जीकसन, आशिक दुखापतीनं नव्हते, हे आशियाई कपापुरतं मान्य. माझा हिशेब असा: २०२३ चं श्रेय खरं, पण घरच्या मैदानापुरतं आणि शूटआउटच्या टेकूवरचं. बाहेरच्या मैदानावर सामना कसा जिंकायचा याचं उत्तर त्या यशात कधीच नव्हतं. कुवेतला कुवेतमध्ये १-० नं हरवलं, तो एकच खरा अपवाद.

आता पीटी सर. इथं एक्सजी नाही, आणि इंग्लंडची फूटपट्टी सरळ लावलीत तर सरांवर अन्याय होईल. कारण शालेय स्पर्धेत कुणी खेळाडू विकत घेत नाही आणि कुणी टिकतही नाही. सतरा वर्षांखालचा जो संघ जिल्ह्यापर्यंत गेला, त्यातली बहुतेक पोरं वयानंच बाद झाली. काही पोलीस भरतीच्या तयारीला लागली असतील, काही पुण्याच्या एमआयडीसीत गेली असतील. म्हणजे तुमच्या वहीच्या पहिल्या पानावरची जवळपास सगळी नावं खोडलेली. अशा कोचला मागच्या संघाच्या निकालानं मोजायचं नाही, एका वयोगटातून पुढच्या गटात त्यानं किती पोरं तयार करून पाठवली यानं मोजायचं. दोन वर्षांपूर्वीच्या त्या संघातली किती पोरं सरांकडेच चौदा वर्षांखालच्या संघात खेळून आली होती? सात-आठ असतील तर ते यश सरांचं. बाहेरगावाहून हॉस्टेलला आलेल्या दोन-तीन तयार पोरांवर संघ चालला असेल, तर श्रेय थोडं कमी करा.

दुसरी गोष्ट हजेरी. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की खेडेगावातला सराव निम्म्यावर येतो, पोरं वावरात असतात. पहिल्याच सामन्यात बाद झाले त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांची हजेरीवही मागा. अठरापैकी सात-आठ पोरं सरावाला येत असतील तर कॉर्नरला कोण कुणाला धरणार हे कोणताही कोच बसवू शकत नाही. अशा दिवसांत सराव सकाळी सहाला, चाळीस मिनिटांचाच, आणि फक्त बचावाची रांग व सेट पीस (कॉर्नर, फ्री किक) एवढाच ठेवावा. सरांनी असं काही केलं होतं का, हा त्यांना विचारण्याजोगा प्रश्न आहे. "दोन साल आधी जिंकले होते ना" हा नाही.

एक्सजीच्या जागी वहीत एवढंच टिपा: पेनल्टी बॉक्सच्या आतून आपण किती शॉट मारले, समोरच्यांनी किती, आणि खाल्लेल्या गोलांपैकी किती कॉर्नर किंवा फ्री किकवर आले. हाफटाइमपर्यंतचे आणि नंतरचे वेगळे. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांचे दुप्पट होत असतील तर दम कमी पडतोय, डावपेच नाही. एक पोरगा टच लाइनवर वही घेऊन बसला की काम होतं. यंदाचा सतराखालचा संघ गेला, त्याच्यावर आता भांडून उपयोग नाही. चौदाखालच्या संघाचे पुढचे सहा सामने, मैत्रीपूर्ण धरून, असे उतरवा आणि शेवटच्या दोनांत बॉक्समधल्या शॉटचा फरक पहिल्या दोनांपेक्षा सुधारला का ते पाहा. तेवढे कागद हातात आले की सरांसमोर बसा, ठेल्यावर नको.